मदत हवी आहे : ‘फाइलष्टीकर’ या जर्मन आडनावाचा उगम काय आणि आज ते कुठे सापडेल?

शुक्रतारा
नमस्कार. ‘फाइलष्टीकर’ हे जर्मन आडनाव मूळचे कुठले, त्याचा अर्थ काय आणि आज ते लावणारी माणसे जर्मनीत कुठे राहतात, ही माहिती मला तातडीने हवी आहे. रोमन लिपीत जे जे लिहून पाहिले त्यातून दर वेळी निराळेच आडनाव समोर येते. जर्मनीतल्या दोन ओळखीच्यांना विचारले, तर दोघांनीही हे आडनाव कधी ऐकलेले नाही. पुढच्या महिन्यात मी स्टुटगार्टला जाणार आहे आणि त्याआधी छडा लागला नाही तर ही संधी वाया जाईल. कृपया नेमके उत्तर द्यावे. ‘इंटरनेटवर शोधा’ असे सांगू नये, ते सगळे करून झाले आहे.

विसूभाऊ
ताई, उत्तर सोपे आहे. जर्मन भाषेत ‘फाइल’ म्हणजे कानस. मी 30 वर्षे टूलरूममध्ये काढली आहेत आणि आमच्याकडे येणाऱ्या जर्मन कानशींच्या खोक्यांवर हाच शब्द छापलेला असे. कानशीला दाते पाडणाऱ्या कारागिरांवरून त्यांच्याकडे आडनावेही पडलेली आहेत. तेव्हा हे घराणे कानशी करणाऱ्यांचे असणार, यात मला शंका वाटत नाही.

नेकारकाठ
विसूभाऊ, इतक्यात निकाल देऊ नका. कानशीचा शब्द नुसत्या ‘एफ’ने सुरू होतो, तर बाणाचा शब्द ‘पी-एफ’ने. उत्तर जर्मनीत बरेच लोक हा ‘प्फ’ नुसता ‘फ’ असाच उच्चारतात आणि देवनागरीत लिहिताना तर दोन्हींचे ‘फाइल’च होते. ताई, मूळ स्पेलिंग काय आहे? ही माणसे कोणत्या गावची, कोणत्या काळातली, प्रोटेस्टंट की कॅथलिक? यातले काहीच कळले नाही तर आम्ही केवळ तर्क लढवत बसू.

निळावंती
मी जर्मन शिकते आहे. ‘श्टिकन’ म्हणजे भरतकाम करणे आणि ‘श्टिकर’ म्हणजे भरतकाम करणारा. पहिला शब्द बाणाचा असेल तर सैनिकांच्या ध्वजांवर बाणांची चिन्हे भरणारे हे कारागीर असावेत. मला हा अर्थ अगदी चपखल वाटतो.

विसूभाऊ
बाण भरणारा असा वेगळा कारागीर कोण ठेवील? कानस ही रोजच्या गरजेची वस्तू आहे. मी माझ्या मतावर ठाम आहे.

शुक्रतारा
स्पेलिंग माहीत असते तर मी इथे विचारलेच नसते! आता सगळे सविस्तर लिहिते. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, 1934 ते 1937 या काळात स्टुटगार्टला अभियांत्रिकी शिकत होते आणि एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते. आजोबांच्या रोजनिशीत त्यांचा उल्लेख सर्वत्र ‘फाइलष्टीकरबाई’ असाच आहे. आजोबा परत आल्यावरही त्या पत्रे पाठवत असत. अशी 11 पत्रे आणि त्यांच्या घरची 6 छायाचित्रे आमच्याकडे आहेत. पत्रे जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात असल्यामुळे वाचता येत नाहीत. फक्त 1948 चे शेवटचे पत्र टंकलिखित आहे. ते एका मैत्रिणीने वाचून दिले, परंतु सही त्यावरही हातानेच केलेली आहे. आई आता 83 वर्षांची आहे आणि ही छायाचित्रे त्या घरातल्या कुणाच्या तरी हाती पडावीत अशी तिची फार इच्छा आहे. म्हणून हा खटाटोप.

बखरकार
हे सारे पहिल्याच निवेदनात यायला हवे होते. मी मोडी कागद वाचतो. त्या अनुभवावरून सांगतो की अनोळखी वळणाचे अक्षर एकेक करून ओळखू पाहिले की माणूस फसतो. आधी रेषेच्या वर काय जाते आणि खाली काय उतरते ते पाहावे, नंतर तोच फाटा त्याच हाताने इतरत्र कसा काढला आहे ते पडताळावे. एकच सही 11 वेळा उपलब्ध असणे हे भाग्यच म्हणायचे.

नेकारकाठ
बखरकारांनी योग्य वाट दाखवली. त्या पिढीचे हस्ताक्षर ‘कुरेंट’ किंवा 1911 नंतर आलेल्या ‘झ्युटरलिन’ वळणाचे असते. त्यात ‘ई’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे फसगत होणे स्वाभाविक आहे. माझ्या मनात दोन आडनावे आहेत. एक ‘प्फाइलश्टिकर’ : पी, एफ, ई, आय, एल, एस, टी, आय, सी, के, ई, आर. दुसरे ‘प्फाइलशिफ्टर’ : ‘एल’पर्यंत तेच, आणि पुढे एस, सी, एच, आय, एफ, टी, ई, आर. आजोबांनी कानाने ऐकून लिहिलेला ‘ष्टी’ पहिल्याकडे झुकतो, पण त्याची खात्री करून घेता येईल. या वळणात ‘एफ’, लांब ‘एस’ आणि ‘एच’ या तिन्ही अक्षरांचे शेपूट ओळीच्या खाली उतरते. ‘टी’, ‘के’ आणि ‘एल’ फक्त वर जातात. सुरुवातीचे मोठे अक्षर सोडून द्या आणि आडनावात ओळीखाली उतरणाऱ्या रेघा मोजा. दोन भरल्या तर श्टिकर, चार भरल्या तर शिफ्टर.

शुक्रतारा
आत्ताच भिंग घेऊन बसले होते. 11 पैकी 9 सह्यांत दोनच रेघा खाली उतरतात : एक मोठ्या अक्षराला लागून आणि दुसरी शब्दाच्या साधारण मध्यावर. उरलेल्या दोन सह्यांवर पाणी सांडून शाई पसरली आहे.

नेकारकाठ
मग हे ‘प्फाइलश्टिकर’च. आता अर्थाकडे वळू.

‘प्फाइल’ म्हणजे बाण. हा शब्द लॅटिन ‘पिलुम’वरून, म्हणजे रोमन सैनिकांच्या फेकण्याच्या भाल्याच्या नावावरून आला. लॅटिन ‘प’चा दक्षिणेकडील जर्मन बोलींत ‘प्फ’ झाला. त्याच रीतीने ‘पिस्टोर’ म्हणजे बेकरीवाला या शब्दावरून ‘प्फिस्टर’ हे आडनाव तयार झाले. त्याआधी बाणाला जर्मन भाषेत ‘श्ट्राल’ म्हणत. तो शब्द आज किरण या अर्थाने उरला आहे.

‘श्टिकर’बाबत निळावंतींची फसगत झाली ती आजच्या अर्थामुळे. जुन्या भाषेत या क्रियापदाला रोवणे, खोचून बसवणे हाही अर्थ होता. बाणाचे दांडे तयार करून ते जोडणारा कारागीर तो प्फाइलश्टिकर. भरतकामाशी त्याचा संबंध नाही. मगाशी सांगितलेला प्फाइलशिफ्टर हा त्याच व्यवसायाचा बव्हेरियातला भाऊबंद, कारण ‘शाफ्ट’ म्हणजे दांडा. बाणाची लोखंडी टोके घडवणारा तो प्फाइलश्मिट, आणि धनुष्य करणारा तो बोगनर. ब्लॅक फॉरेस्टमध्ये पुष्कळ आढळणारे ‘आर्मब्रुस्टर’ हे आडनाव आडव्या यांत्रिक धनुष्याच्या कारागिराचे आहे. त्या शब्दात बाहू आणि छाती दिसत असली तरी तो मुळात लॅटिन ‘आर्कुबॅलिस्टा’चा अपभ्रंश आहे. आजच्या शब्दावरून आडनावाचा अर्थ लावू नये, याचे ते उत्तम उदाहरण.

प्फाइलश्टिकर हे वुर्टेंबर्ग भागाचे आडनाव आहे, म्हणजे स्टुटगार्टच्याच परिसरातले. 1806 पर्यंतच्या वुर्टेंबर्गच्या राजसेवकांची जी मोठी तीन खंडांची सूची आहे, ती सिद्ध करणारे अभ्यासक वाल्टर प्फाइलश्टिकर याच आडनावाचे होते. तुमच्या ओळखीचे लोक दुसऱ्या प्रांतातले असतील तर त्यांनी ते ऐकलेले नसणे साहजिक आहे.

विसूभाऊ
कानशीबद्दलचे माझे मत मी मागे घेतो. पण मग आडनाव दुर्मीळ का झाले याचे कारण उघड आहे. बंदूक आली, बाण गेले आणि त्यांच्याबरोबर आडनावही गेले.

गणिती
विसूभाऊ, हे पटत नाही. आडनाव एकदा वंशपरंपरागत झाले की व्यवसाय बुडाला तरी ते बुडत नाही. आपल्याकडे तलवारीला धार देणारे उरले नाहीत, पण शिकलगार आहेतच. खरे कारण संख्येत आहे. इंग्लंडमध्ये गाल्टन आणि वॉटसन यांनी 1874 मध्ये हेच गणित मांडले. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जात असेल आणि सुरुवातीला ते मोजक्याच घरांत असेल, तर काही पिढ्यांत ते निव्वळ योगायोगानेही नाहीसे होऊ शकते. श्मिट (लोहार) किंवा म्युलर (पीठगिरणीवाला) गावोगावी स्वतंत्रपणे निर्माण झाले, म्हणून ते टिकले. बाणांचे दांडे करणारा मात्र प्रत्येक गावात नसे.

बखरकार
योगायोग मान्य, पण इतिहासाला इतके दूर लोटू नका. तीस वर्षांच्या युद्धात, 1634 च्या नोर्डलिंगेनच्या लढाईनंतर, वुर्टेंबर्गची गावेच्या गावे ओस पडली. दोन-चार घरांपुरते असलेले आडनाव अशा एका फटक्यात निम्म्यावर येते. तुमच्या सूत्रात हे बसवायचे तर दर पिढीला मुलग्यांचा सरासरी आकडा निराळा धरावा लागेल. शिवाय विसूभाऊंच्या म्हणण्यातही तथ्य आहे : बाण गेल्यामुळे जुनी घराणी बुडाली नाहीत हे खरे, पण या आडनावाची नवी घराणी निर्माण होणे थांबले.

गणिती
दर पिढीचा आकडा निराळा धरूनही ते गणित करता येते. तथापि नवी घराणी थांबल्याचा मुद्दा योग्य आहे.

अनामिका
ताई, जर्मनीत लग्नानंतरच्या आडनावाचा कायदा नुकताच बदलला आहे. 1 मे 2025 पासून पती-पत्नी दोघांनाही जोड आडनाव घेता येते. त्यामुळे आपले आडनाव सोडण्याची घाई करू नका.

शुक्रतारा
अनामिकाताई, मी लग्नासाठी नव्हे, पत्रांसाठी जाते आहे. कृपया धागा भरकटवू नये. आता ही माणसे कुठे सापडतील ते कुणी सांगेल का?

नेकारकाठ
अनामिकांचे उत्तर तुमच्या प्रश्नाचे नसले तरी त्यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. 1900 च्या नागरी संहितेनुसार पत्नीला पतीचे आडनाव लावावे लागे. पत्नीचे आडनाव कुटुंबाचे म्हणून घेण्याची मुभा 1976 मध्ये मिळाली. म्हणजे हे आडनाव बाईंच्या माहेरचे नाही, त्यांच्या यजमानांचे आहे. बाईंना मुले होती का? मुलगे की मुली? शेवटचे पत्र कोणत्या गावाहून आले?

शुक्रतारा
1948 च्या पत्राच्या माथ्यावर ‘किर्शहाइम’ आणि तारीख आहे. त्यात बाई लिहितात की स्टुटगार्टचे घर 1944 च्या बाँबवर्षावात जळाले, मुलगा 1943 पासून रशियात बेपत्ता आहे आणि त्या आता धाकट्या मुलीच्या सासरी राहतात. थोरल्या मुलीचे लग्न 1938 मध्ये झाले, हे आजोबांच्या रोजनिशीत आहे. मुलींची सासरची आडनावे कुठेच नाहीत. मुलाचा फुटबॉल खेळतानाचा एक फोटो आमच्याकडे आहे. त्याच्या मागे आजोबांच्या अक्षरात फक्त ‘आमचा गोलकीपर’ असे लिहिले आहे.

बखरकार
मग आडनावामागे धावून उपयोग नाही. मुलगा परतला नसेल, तर त्या घरातले प्फाइलश्टिकर हे आडनाव बहुधा बाईंबरोबरच संपले. पण घराणे संपलेले नाही, ते मुलींच्या आडनावांत आहे. शोध तिथे घ्यायला हवा.

नेकारकाठ
अगदी बरोबर, आणि त्यासाठी मार्ग आहेत. जर्मनीत विवाहनोंदी 80 वर्षांनी अभिलेखागारात खुल्या होतात. जन्मनोंदींना 110 आणि मृत्यूनोंदींना 30 वर्षे लागतात. म्हणजे 1938 चे लग्न आता पाहता येईल, आणि ते स्टुटगार्टमध्ये झाले असेल तर तिथल्या नगर अभिलेखागाराला आजच पत्र लिहा. बाईंचा स्टुटगार्टचा जुना पत्ता हवा असेल तर त्या काळची छापील अ‍ॅड्रेसबुके पाहावीत. त्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, व्यवसाय आणि रस्ता दिलेला असतो. बाई विधवा असतील तर नावापुढे ‘डब्ल्यू-डब्ल्यू-ई’ असे संक्षिप्त रूप असेल, तो शब्द ‘विटवे’, आपल्या ‘विधवा’चाच दूरचा नातेवाईक.

कुटुंब प्रोटेस्टंट असेल, आणि जुन्या वुर्टेंबर्गात ती शक्यता अधिक, तर चर्चच्या नोंदी पाहाव्यात. तिथे बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश 1558 चा आहे आणि 1808 पासून एकेका कुटुंबाचे एकेक पान असलेली कुटुंबवही ठेवली जाऊ लागली. ते पान हाती लागले तर आई-वडील, मुले, लग्ने असे सगळे एका नजरेत दिसते. कॅथलिक असतील तर नोंदी दुसरीकडे शोधाव्या लागतील, म्हणून मी सुरुवातीलाच धर्म विचारला होता. मुलाचे नाव ‘फोल्क्सबुंड’ या युद्धस्मशानांची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या यादीत जरूर शोधा. नोंद सापडली तर जन्मतारीख आणि जन्मगाव मिळण्याची शक्यता आहे.

आज हे आडनाव नेमके कुठे आहे, या तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आडनावांच्या नकाशांतून मिळेल. जर्मन आडनावांच्या मोठ्या नकाशासंग्रहाला 2005 च्या दूरध्वनी नोंदींचा आधार आहे. त्यानंतर घरचे फोन कमी झाल्यामुळे पुढच्या याद्या तितक्या भरवशाच्या नाहीत. पहिल्या महायुद्धातील हताहतांच्या छापील याद्यांत जन्मगावही असते, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे चित्रही दिसते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की आडनाव किती आकसले ते कळते. मात्र एक विनंती : आजच्या कुणाचाही पत्ता किंवा फोन या धाग्यावर देऊ नका. आडनाव इतके विरळ आहे की माणूस लगेच ओळखू येतो.

विसूभाऊ
ताई, किर्शहाइम नावाची गावे अनेक आहेत. कोणते ते पत्रात आहे का?

शुक्रतारा
पत्र पुन्हा काढून पाहिले. ‘किर्शहाइम’च्या पुढे तिरप्या रेघेनंतर ‘टेक’ असे अक्षर टंकलेले आहे. मैत्रिणीने ते वाचलेच नव्हते.

नेकारकाठ
म्हणजे किर्शहाइम उंटर टेक. स्टुटगार्टहून लोकलने जाता येते. तिथेही नगर अभिलेखागार आहे. बाई मुलीच्या घरी राहत होत्या, तेव्हा त्यांच्या मृत्यूची नोंद तिथे मिळू शकेल आणि ती कळवणाऱ्या व्यक्तीचे नाव त्या नोंदीत असते. बहुधा तेच मुलीचे किंवा जावयाचे नाव असेल.

शुक्रतारा
दोन्ही अभिलेखागारांना आज पत्रे पाठवली. आडनाव नेकारकाठ यांनी सांगितलेल्या स्पेलिंगने लिहिले आणि सोबत सहीचे छायाचित्र जोडले. सुरुवातीला मी त्रासून लिहिले, त्याबद्दल सर्वांची क्षमा मागते. एवढे सांगा, मूळ छायाचित्रे सोबत न्यावीत की प्रती?

बखरकार
आता प्रती न्या आणि मूळ चित्रे आईंजवळच राहू द्या. माणसे सापडली की त्यांना विचारून मग पाठवा. जाण्याआधी प्रत्येक चित्राची मागची बाजूही स्कॅन करून घ्या. ‘आमचा गोलकीपर’ ही ओळ मागच्याच बाजूला आहे.

निळावंती
त्या ओळीचे जर्मन मी लिहून देते. कागदावर छापून चित्राच्या प्रतीसोबत ठेवा.