मदत हवी आहे : डाइंगच्या कामामुळे हाताला एक्झिमा, पॅच टेस्ट कुठे होईल?

वडील (वय ५८) सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगला (रंगवण्याच्या कामाला) आहेत. रिअ‍ॅक्टिव्ह रंग आणि सोडा अ‍ॅश रोज हाताळावे लागतात. दोन्ही तळहात फुटतात, खाजतात, रात्री झोप लागत नाही. बुरशी नाही, तपासून झालंय. क्लोबेटासोल या स्टेरॉइड मलमाने बरं वाटतं, बंद केलं की पुन्हा उसळतं. कातडी पातळ झाल्यामुळे डॉक्टरांनी आता टॅक्रोलिमस ०.१ टक्के मलम दिलंय. त्यात स्टेरॉइड नाही, पण लावलं की फार आग होते. खोबरेल तेल, व्हॅसलिन चालू आहे. रबरी हातमोज्यांत घाम येऊन जास्तच चिघळतं.

नातेवाईक हळदीच्या, म्हणजे कर्क्युमिनच्या कॅप्सूल घ्या म्हणतात. वडिलांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या देणार नाही. काम सोडणं सध्या शक्य नाही.

नेमकं कशाचं वावडं आहे ते कळायला पॅच टेस्ट हवी. त्यात संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, त्या ४८ तास कोरड्या ठेवाव्या लागतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते अवघडच. सोलापुरात कापडरंगांची पॅच टेस्ट कुठे होते, की पुण्यालाच जावं लागेल? आणि टॅक्रोलिमसची आग कुणाची कमी झाली असेल तर किती दिवसांनी?