जुने सीपॅप मशीन बदलायचे आहे: विम्यातून नवे मिळेल की वापरलेले घ्यावे?

प्रश्न – सिंहगड_रोड

माझ्या वडिलांचे वय ७३ आहे आणि त्यांना तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत वारंवार श्वास अडणे) आहे. २०१७ मध्ये पुण्यात त्यांची स्लीप स्टडी झाली आणि तेव्हापासून ते रोज रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे मशीन) लावूनच झोपतात. गेल्या काही आठवड्यांपासून मशीन सुरू करताना पडद्यावर मोटारचे आयुष्य संपल्याचा संदेश येतो. मशीन चालते, पण पूर्वीपेक्षा आवाज वाढला आहे आणि रात्री मधूनच शिट्टीसारखा सूर ऐकू येतो. त्यांची स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी बरीच वर्षे चालू आहे. मात्र चौकशी केल्यावर टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) फोनवर एवढेच सांगितले की, घरी वापरायचे उपकरण विम्यात बसत नाही. नवे ऑटो (गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारे) मशीन चाळीस हजारांच्या पुढे जाते. दरम्यान ओळखीच्या एका कुटुंबाकडे वापरलेले मशीन आहे आणि ते अगदी कमी किमतीत द्यायला तयार आहेत. विम्याचा मार्ग खरोखर बंद आहे का, आणि वापरलेले मशीन घ्यायचे झाल्यास त्यात नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. वडील मास्कशिवाय झोपले की आई रात्रभर जागी असते, त्यामुळे हा निर्णय लांबवता येणार नाही.

उत्तर – निद्राकक्ष

मी स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे विम्यापेक्षा मशीनबद्दल अधिक खात्रीने लिहू शकेन.

पहिली गोष्ट म्हणजे हा संदेश आला म्हणून आज रात्रीपासून मशीन बंद करू नका. बऱ्याच मशीनमध्ये मोटारच्या तासांची मर्यादा आधीच नोंदवलेली असते. उदाहरणार्थ, रेसमेड कंपनीच्या एअरसेन्स १० मालिकेत ती २०,००० तासांची आहे. रोज सात तास वापर धरला तर हा आकडा पावणेआठ वर्षांच्या आसपास गाठला जातो, म्हणजे तुमच्या वडिलांनी मशीन नियमित वापरले आहे, एवढे त्यावरून नक्की कळते. संदेश आल्यावरही मशीन हवा देत राहते, परंतु आवाज बदलला असेल तर मोटार थकत चालली आहे असे समजून तयारीला लागावे. विक्रेत्याकडे किंवा लॅबमध्ये मॅनोमीटर लावून प्रत्यक्ष दाब मोजून घेता येतो. मशीनवर दाब १० लिहिलेला असताना मास्कपाशी खरोखर १० मिळतात का, हे त्यातून पाच मिनिटांत समजते.

दुसरे काम मशीनमधले एसडी कार्ड काढून डॉक्टरांना दाखवण्याचे. ऑस्कर नावाचे मोफत सॉफ्टवेअर अनेक मशीनची कार्डे वाचते. ते संगणकावर उघडून तुम्हीही पाहू शकता. उपचार चालू असताना तासाला श्वास किती वेळा अडतो (हा आकडा सहसा पाचच्या खाली असावा लागतो), मास्कमधून हवा किती गळते आणि रात्रीचा बहुतांश काळ किती दाब लागतो, या तीन गोष्टी त्यात बघाव्यात. आठ वर्षांत वजन, औषधे, हृदयाची स्थिती असे बरेच काही बदललेले असते; त्यामुळे जुना दाब तसाच नव्या मशीनवर चढवण्यापूर्वी डॉक्टरांचा शब्द घेतलेला बरा.

आता वापरलेल्या मशीनविषयी. किंमत आणि खरेदीचे वर्ष मी नंतर विचारतो, आधी तास विचारतो. एअरसेन्स १० च्या क्लिनिकल मेनूमध्ये मशीनचे एकूण तास दिसतात. विकणाऱ्याने रुग्णाचा डेटा पुसला असला तरी हे तास पुसले जात नाहीत, म्हणून ‘फार वापरलेच नाही हो’ या बोलण्यापेक्षा तो आकडा स्वतः पाहावा. त्यानंतर मागचे फिल्टरचे झाकण उघडावे. फिल्टर बदललेला असला तरी त्या खाचेच्या कडेला करडी धूळ किंवा चिकट काजळी आहे का, ते बोट फिरवून बघावे. देवघराशेजारच्या खोलीत ठेवलेल्या मशीनमध्ये उदबत्तीचा धूर वर्षानुवर्षे आत ओढला गेलेला असतो आणि तो वास मोटारच्या कप्प्यातून जात नाही. मशीन पंधरा मिनिटे चालवून येणारी हवा नाकाशी घ्या. सिगारेटचा, कुबट किंवा जळका वास आला तर ते मशीन फुकट मिळत असले तरी घेऊ नका. मास्क, नळी, पाण्याचा चेंबर आणि फिल्टर या चारही वस्तू नव्याच घ्यायच्या. किमतीची तुलना करताना हा खर्च लोक हमखास विसरतात.

ते मशीन फिलिप्सचे असेल तर आणखी एक तपासणी अनिवार्य आहे. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण व वायू श्वासात जाण्याचा धोका असल्याने कंपनीने जून २०२१ मध्ये पहिल्या पिढीच्या ड्रीमस्टेशनसह अनेक मॉडेल जगभर परत मागवली. सिरीयल नंबर कंपनीकडे पडताळून घेतल्याशिवाय असे मशीन कोणाच्याही तोंडाला लावू नये. पूर्वीच्या मालकाने ओझोनवर चालणारे सफाईयंत्र वापरले होते का, तेही विचारा, कारण ओझोनने तो फोम लवकर झिजतो.

उत्तर – दावा_विभाग

टीपीएने फोनवर सांगितले ते बहुतेक पॉलिसींच्या बाबतीत खरे आहे, पण फोनवर समाधान मानू नका. नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असते आणि सीपॅप, बायपॅप, व्हीलचेअर अशी बाहेर वापरायची टिकाऊ उपकरणे तिच्या अपवादांत स्पष्ट लिहिलेली असतात. काही जण एक रात्र दाखल होऊन स्लीप स्टडी करण्याचा सल्ला देतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण केवळ तपासणीसाठी दाखल होणे हाही प्रमाणित अपवाद आहे आणि त्याचा संकेतांकही ठरलेला आहे (एक्सक्लुजन ०४). मात्र अलीकडच्या काही पॉलिसींमध्ये अशा उपकरणांसाठी ठरावीक मर्यादेपर्यंत वेगळे संरक्षण किंवा जोडपॉलिसी असते. म्हणून पॉलिसीचे संपूर्ण शब्दांकन मागवा आणि नकार ईमेलवर, कलमाच्या उल्लेखासह घ्या. पॉलिसीत संरक्षण असूनही दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे जावे आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करावा. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे आणि अर्जाला शुल्क नाही.

आणखी एक विचारतो. तुमच्या घरात कोणी केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक आहे का? सीजीएचएसमध्ये (केंद्र सरकारचे कर्मचारी व निवृत्तांसाठीची आरोग्य योजना) सीपॅपचा खर्च पूर्वपरवानगीने आणि कमाल मर्यादेपर्यंत मिळतो. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची शिफारस आणि स्लीप स्टडीचा अहवाल लागतो. कार्डावरील जोडीदाराला अवलंबित्वासाठीची उत्पन्नाची अट लागू होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. परवानगी हातात येण्यापूर्वी मशीन खरेदी करू नये, नंतर बिल मंजूर करून घेणे अवघड जाते.

उत्तर – एडिसन_न्यूजर्सी

अमेरिकेतून मशीन मागवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, म्हणून त्याविषयी लिहिते. येथे मेडिकेअर (प्रामुख्याने ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) सीपॅपचे १३ महिने भाडे भरते, त्यानंतर मशीन रुग्णाच्या मालकीचे होते. पाच वर्षे झाली की डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून उपचाराचा वापर आणि उपयोग नोंदवून घेतल्यावर नवे मिळू शकते. परिणामी चालू स्थितीतली जुनी मशीन घरोघरी कपाटात पडलेली असतात आणि भारतात जाताना ती नातेवाइकांसाठी नेली जातात. वीजपुरवठ्याची अडचण सहसा येत नाही, कारण बहुतेकांचा ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. फक्त प्लग बदलावा लागतो. परंतु येथील वॉरंटी तेथे चालेल असे गृहीत धरू नका. आतला मोडेमही येथील नेटवर्कसाठीचा असतो, त्यामुळे तेथील डॉक्टरांना दूरून नोंदी दिसतीलच असे नाही आणि एसडी कार्डावरच भिस्त ठेवावी लागते. पाच वर्षांनंतर काढलेल्या मशीनचे निम्म्याहून अधिक तास संपलेले असतात, हेही लक्षात घ्यावे. कोणी आणणार असेलच, तर हँडबॅगेत आणावे आणि चेंबरमधले पाणी पूर्ण काढून तो कोरडा करावा. मशीन आडवे झाले की उरलेले पाणी थेट मोटारमध्ये जाऊ शकते.

प्रश्नकर्ता – सिंहगड_रोड

सर्वांचे मनापासून आभार. आई केंद्र सरकारच्या लेखा कार्यालयातून निवृत्त झाली आहे, परंतु तिने सीजीएचएसचे कार्ड घेतलेले नाही. ते आता घेता येईल का? आणि कार्ड व परवानगी मिळेपर्यंतचे काही महिने कसे काढावेत? ओळखीच्यांचे मशीन काल पाहून आलो. तास ६,००० च्या थोडे वर आहेत, वास नाही, फिल्टरची खाच स्वच्छ आहे. मात्र ते साधे, एकाच दाबाचे मशीन आहे आणि वडिलांचे ऑटो आहे.

उत्तर – दावा_विभाग

निवृत्तीनंतरही कार्ड काढता येते. वर्गणी दरवर्षी भरता येते किंवा दहा वर्षांची एकरकमी भरल्यास कार्ड आजीवन मिळते. निवृत्तिवेतनाचा आदेश आणि दोघांची ओळखपत्रे घेऊन पुण्याच्या सीजीएचएस कार्यालयात चौकशी करा, आणि निवृत्तिवेतनात वैद्यकीय भत्ता मिळत असेल तर तो बंद केल्याचा दाखला लागेल, हे आधीच पाहून ठेवा.

उत्तर – निद्राकक्ष

सहा हजार तास म्हणजे मोटार अजून बरीच चालेल. एकाच दाबाचे मशीन चालणार नाही असे नाही; ऑटो मशीनच्या कार्डावरून रात्रीचा बहुतांश काळ लागणारा दाब काढून डॉक्टर तो स्थिर दाब म्हणून लिहून देऊ शकतात. काहींना तो मानवतो, काहींना झोप लागताना जड वाटतो, आणि अशा वेळी सुरुवातीला दाब हळूहळू वाढवणारी रॅम्पची सोय वापरावी. माझे मत विचाराल तर ओळखीच्यांना स्पष्ट सांगून ते मशीन आधी आठवडाभर चाचणीसाठी आणा, मास्क वडिलांचाच ठेवा, नळी, चेंबर व फिल्टर नवे बसवा आणि आठवड्याच्या नोंदींचे एसडी कार्ड डॉक्टरांना दाखवूनच पैसे द्या. आकडे चांगले आले नाहीत, तर परवानगी येईपर्यंत ऑटो मशीन महिन्याच्या भाड्याने घ्यावे. पुण्यात ते सहज मिळते. जुने मशीन मात्र इतक्यात भंगारात देऊ नका. नवे आल्यावरही ते पर्यायी म्हणून घरात असू द्या, कारण दुरुस्तीला गेलेले मशीन कधी परत येईल याचा नेम नसतो.