कीटो आम्लांच्या गोळ्या आणि माशाचं ताट: हा अर्धवट उपचार थांबवा

कातळसडा (रत्नागिरी)

किडनी हळूहळू निकामी होत चाललेल्या माणसांना कीटो आम्लांच्या गोळ्या दिल्या जातात. माझ्या आत्याला दिवसाला तीन लिहून दिल्या आहेत आणि सोबत सल्ला एकच, ‘मासे जरा कमी करा’. ओळखीपाळखीत विचारलं तर तीच तऱ्हा. माझं मत स्पष्ट आहे. ताटातल्या प्रथिनांचा हिशेब न करता या गोळ्या देणं म्हणजे रुग्णाचे पैसे पाण्यात घालणं.

मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून आधी गोळीत काय असतं ते सांगतो. अमिनो आम्लातला नत्राचा गट काढून तिथे ऑक्सिजन बसवला की कीटो आम्ल होतं. हा नत्र नसलेला सांगाडा पोटात गेला की शरीर त्याच्यावर नत्र चढवतं आणि अमिनो आम्ल परत उभं करतं. नत्र बहुतेक वेळा ग्लुटामेट हे दुसरं अमिनो आम्ल देतं आणि तो हलवण्याचं काम बी-६ जीवनसत्त्वावर चालणारी विकरं करतात. युरिया होऊन किडनीवर पडला असता तो नत्र असा स्नायूंच्या कामी येतो. लायसिन आणि थ्रिओनिन या दोघांच्या बाबतीत ही अदलाबदल होत नाही, म्हणून ती गोळीत अमिनो आम्लाच्याच रूपात घालावी लागतात.

युक्ती उत्तम आहे, पण ती चालते नत्राची चणचण असेल तेव्हा. ताटात प्रथिनं भरपूर असतील तर शरीर हे सांगाडे सरळ इंधन म्हणून जाळून टाकतं. मूळ पद्धतीत दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.३ ते ०.४ ग्रॅम प्रथिन आणि पाच किलोमागे एक गोळी असं प्रमाण आहे. ६० किलोच्या माणसाला १८ ते २४ ग्रॅम प्रथिन आणि १२ गोळ्या. आता आपलं ताट बघा. दिवसभरात दोनशे ग्रॅम तांदूळ शिजला की चौदा-पंधरा ग्रॅम प्रथिन त्यातच आलं. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात वीसेक ग्रॅम. वर कुळथाची पिठी. अशा ताटावर तीन गोळ्या काय करणार?

खाडीकाठ (गुहागर तालुका)

सर, रसायन पटलं, निष्कर्ष नाही पटला. माझ्या सासऱ्यांचा जीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते तो आकडा, १९ वर आला आहे. डायलिसिस सुरू झालं की आठवड्यातून दोन-तीनदा घाटवळणांचा रस्ता, चार तास मशीनवर आणि घरातल्या एकाचा रोज बुडणार. सरकारी योजनेत डायलिसिस होतं, पण गाडीभाडं कोण देतं? ते सहा महिने जरी पुढे गेलं तरी आमच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे.

आणि पुरावा आहे. २०१६ साली रुमानियातला अभ्यास छापून आला. २०७ रुग्ण, निम्म्यांना किलोमागे ०.३ ग्रॅम प्रथिनाचा शाकाहारी आहार आणि कीटो आम्लं, बाकीच्यांना ०.६ ग्रॅमचा साधा आहार. डायलिसिस लागणं किंवा किडनीचं काम निम्म्याहून खाली येणं, हे पहिल्या गटात १३ टक्क्यांना झालं, दुसऱ्यात ४२ टक्क्यांना. एवढा फरक दिसत असताना ‘पैसे पाण्यात’ कसं म्हणता?

कातळसडा

खाडीकाठ, त्या २०७ जणांची निवड कशी झाली तेही बघा. मधुमेहाचे रुग्ण घेतलेच नव्हते. आहार काटेकोर पाळतील असेच निवडले आणि तपासलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के त्यात बसले. गोळ्याही पूर्ण प्रमाणात होत्या, दिवसाला तीन नव्हत्या.

१९९४ चा अमेरिकेतला एमडीआरडी अभ्यास घ्या. त्याच्या दुसऱ्या भागात २५५ जण होते. ०.२८ ग्रॅम प्रथिन आणि कीटो आम्लं घेणाऱ्यांची किडनी ०.५८ ग्रॅमवाल्यांपेक्षा ठळकपणे हळू बिघडली असं दिसलं नाही. २००९ मध्ये त्याच लोकांचा पुढचा मागोवा छापला गेला, तेव्हा अतिकमी प्रथिनांच्या गटात मृत्यू जास्त निघाले. ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

दर्यावर्दी (वेंगुर्ले)

कातळसडांना माझा पाठिंबा, पण माझं कारण वेगळं. माझी आई पंचाहत्तरीची. मासे तोडले आणि तिचं जेवणच तुटलं. ‘निस्त्याशिवाय जेवाण कसला?’ म्हणून दोन घास खाऊन उठायची. पोटात ऊर्जा गेली नाही की शरीर स्वतःचे स्नायू तोडतं, आणि तो नत्रही शेवटी किडनीवरच येतो. दंडाची कातडी लोंबायला लागली तेव्हा आम्ही एक छोटी तुकडी परत सुरू केली.

मासा खलनायक नाही. जून-जुलैत बंदी असते तेव्हा घरोघर सुके बांगडे, जवळा आणि सोडे निघतात, त्यातलं मीठ आणि फॉस्फरस मोजा. जवळा सालीसकट खाल्ला जातो हे कुणी लक्षातच घेत नाही. ताजी सुरमईची तुकडी त्यापेक्षा कितीतरी बरी.

तिरफळ (आहारतज्ज्ञ, सिंधुदुर्ग)

दादा, सुक्या मासळीबद्दल शंभर टक्के सहमत. पण ‘ताजा मासा बरा’ हे मी इतक्या सहज म्हणणार नाही, कारण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचा विषय इथे कुणीच काढला नाही.

न पचलेलं प्रथिन तिथपर्यंत पोचतं. ई. कोलायसारखे जिवाणू ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल फोडून पायरुव्हेट, अमोनिया आणि इंडोल करतात. पायरुव्हेट हेही कीटो आम्लच. ते आणि अमोनिया जिवाणू आपल्या पोटापाण्याला वापरतात आणि इंडोल टाकून देतात. आपलं यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट करतं. चांगली किडनी ते बाहेर काढते, आजारी किडनीत ते साचतं. रक्तातल्या अल्ब्युमिनला ते इतकं घट्ट चिकटलेलं असतं की डायलिसिसलाही धड निघत नाही. दुसरे काही जिवाणू टायरोसिन या अमिनो आम्लाचं आधी कीटो आम्ल करतात आणि पुढे पी-क्रेसॉल. तेही तसंच साचतं.

ज्या सांगाड्यावर आपण नत्र चढवून स्नायू राखू पाहतो, तसल्याच सांगाड्यांवर जिवाणू जगतात आणि त्यांचा कचरा आपल्या रक्तात येतो. म्हणून प्रथिन कमी करण्याचा फायदा फक्त युरियाच्या आकड्यात शोधू नका. जिवाणूंना तंतू मिळाले तर ते प्रथिनांकडे कमी वळतात, म्हणून मी भाज्यांवर भर देते, पोटॅशियम सांभाळून. समुद्रातल्या माशात टीएमएओ नावाचं संयुगही मुळातच भरपूर असतं आणि तेही किडनीतूनच जावं लागतं.

पण कातळसडांच्या मुख्य मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूची आहे. केडीगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सर्वसाधारणपणे किलोमागे ०.८ ग्रॅम सांगतात. ०.३ ते ०.४ अधिक कीटो आम्लं हा मार्ग ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी, तोही बारीक देखरेखीखाली. या गोळ्या कॅल्शियमच्या क्षाराच्या असतात, एकीत सुमारे ५० मिलिग्रॅम. बारा गोळ्यांत ६०० झालं. फॉस्फरस कमी ठेवायला कॅल्शियमची वेगळी गोळी चालू असेल तर रक्तातलं कॅल्शियम तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आंबोळी (दापोली)

मला मधुमेह आहे. या गोळ्यांनी कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लयुक्त होणं, होतो असं शेजारी म्हणाले. खरं का?

कातळसडा

नाही. मधुमेहात रक्त आम्लयुक्त होतं ते चरबी बेसुमार जळून तयार होणाऱ्या ॲसिटोॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या आम्लांमुळे. गोळीतले सांगाडे वेगळे. मात्र तुमची मधुमेहाची गोळी ‘फ्लोझिन’ने संपणाऱ्या नावाची असेल तर खाणं एकदम तोडू नका. तिथे तो धोका खरा आहे. आधी डॉक्टरांना विचारा.

खाडीकाठ

तिरफळ ताई, मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? सासरे म्हणतात मी कमीच खातो. कमी म्हणजे किती, ते कसं कळणार?

तिरफळ

चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातला युरिया नायट्रोजन मोजून घ्या. ग्रॅममधला तो आकडा घ्या, त्यात वजनाच्या ०.०३१ पट मिळवा आणि बेरजेला ६.२५ ने गुणा. ६० किलोच्या माणसाचा युरिया नायट्रोजन ६ ग्रॅम आला तर खाल्लेलं प्रथिन जवळजवळ ४९ ग्रॅम. काही लॅब नुसता युरिया देतात, मग त्याला आधी २.१४ ने भागायचं. पहिली सकाळची लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची धरायची, तिथेच बहुतेकांचं चुकतं. वजन ढळत असेल किंवा ताप-जुलाब असतील तेव्हा ही तपासणी करू नका, आकडा फसवा येतो.

आकडा ४९ आला तर तीन गोळ्यांना अर्थ नाही. ३० च्या आसपास आला आणि भात, खोबरं, तूप यांतून ऊर्जा पुरेशी जात असेल, तर पूर्ण पद्धतीचा विचार डॉक्टरांबरोबर जरूर करा.

खाडीकाठ

तपासणी या आठवड्यात करून घेतो. तरी कातळसडा सरांशी माझं भांडण मिटलेलं नाही. आमच्या बाजारात औषधाच्या दुकानात गोळी मिळते, ताटाचा हिशेब मांडून देणारं माणूस मिळत नाही. डॉक्टर तीन गोळ्या लिहितात कारण त्यांच्या हातात तेवढंच असतं. तुम्ही गोळीवर राग काढता आहात. आधी प्रत्येक डायलिसिस केंद्रावर आठवड्यातून एक दिवस तरी आहारतज्ज्ञ बसवा अशी मागणी करा, मी पहिली सही करतो.

कातळसडा

मसुदा लिहून पाठवा, सही माझीही. पण आत्याच्या तीन गोळ्यांबद्दल मी उद्याच डॉक्टरांशी बोलणार आहे.