फे वाँगचं ऐकायला सुरुवात कुठून करू?

गोदाकाठची:
काल मैत्रिणीच्या रूमवर (कॉलेज रोड) चुंगकिंग एक्सप्रेस बघितला, मध्येच लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर पूर्ण केला. त्यातली ती बारीक केसांची, खाण्याच्या टपरीवर काम करणारी पोरगी, जी पोलिसाच्या घरात गुपचूप घुसून साफसफाई करते, ती मुळात गायिका आहे म्हणे?? यूट्यूबवर शोधलं तर एक गाणं कँटोनीज, एक मँडरिन, मध्येच इंग्लिश, डोकंच चालेना. हिची भाषा नक्की कुठली आणि सुरुवात कुठून करू?

सातपूरकर:
बीजिंगची आहे, जन्म १९६९, म्हणजे घरची भाषा मँडरिन. १९८७ ला हाँगकाँगला आली आणि तिथे चलती कँटोनीज गाण्यांची, जी मँडरिनवाल्याला नुसती ऐकून कळत नाही, शिकावीच लागते. आमच्या इकडे खानदेशातून आलेला माणूस चार दिवसात जमवून घेतो, तसलं नाही ते. १९८९ ला पहिला अल्बम आला तेव्हा खरं नाव फार मेनलँड चीनचं वाटतं म्हणून वाँग चिंग-मान असं नाव दिलं होतं. मग १९९१ ला सगळं सोडून न्यूयॉर्कला गेली, परत येऊन १९९२ ला जे गाणं तुफान चाललं त्याची चाल जपानी, नाकाजिमा मियुकीची. ते रडकं आहे, त्यापासून सुरुवात नको करूस (माझं मत, शिव्या नका घालू). १९९४ ची गाणी घे. पिक्चर त्याच वर्षीचा, त्यासाठी तिला स्टॉकहोमला बेस्ट अ‍ॅक्ट्रेस मिळालं, आणि पिक्चरमध्ये क्रॅनबेरीज या आयरिश बँडच्या गाण्याचं जे कँटोनीज व्हर्जन वाजतं ते तिनेच गायलंय.

मेमरी_कार्ड:
अरे ही फायनल फँटसी ८ वाली!! १९९९ चा गेम, आम्ही प्लेस्टेशनवर कॉपी सीडी घालून खेळायचो, त्यातलं आइज ऑन मी हिचं. संगीत नोबुओ उएमात्सुचं. इंग्लिश गाणं, गाणारी चिनी आणि खपलं जपानमध्ये. त्याच वर्षी टोकियोच्या बुदोकान हॉलला कॉन्सर्टपण झाला तिचा. ताई, तू इथूनच सुरू कर, शब्द तरी कळतील.

पंचवटी_एक्सप्रेस:
मेमरी कार्डभाऊ, गाणं गोड आहे पण ती फे वाँग नव्हेच, सांगितलेलं काम चोख केलंय एवढंच. सगळे तिच्या चार भाषांचं कौतुक करतात, पण मला विचाराल तर भाषा बाजाराच्या होत्या, हाँगकाँगला कँटोनीज खपायचं म्हणून कँटोनीज, जपानला हवं तसं जपानला. तिला स्वतःला काय करायचं होतं ते १९९६ च्या फुझाओत ऐकू येतं. मँडरिन अल्बम, बहुतेक चाली तिच्या स्वतःच्या, दोन गाणी स्कॉटलंडच्या कॉक्टो ट्विन्स बँडनी दिलेली, आणि काही ठिकाणी तर शब्दच नाहीत, नुसतं ला ला, तरी गाणं अडत नाही. जुन्या फॅन लोकांना तेव्हा पचला नव्हता तो.

सातपूरकर:
फुझाओ भारीच, पण बाजाराच्या भाषा म्हणून कँटोनीज गाणी उडवून लावू नका राव. १९९४ ची ऐका, परकी भाषा वाटतच नाही.

गोदाकाठची:
फुझाओ चालू केलाय, पहिल्याच गाण्यात अडकले. पिक्चर पुढचा कोणता?

पंचवटी_एक्सप्रेस:
२०४६, २००४ चा. त्यात हॉटेलमालकाची मुलगी आहे, जपानी बॉयफ्रेंडसाठी एकटीच जपानी वाक्यं घोकत असते, आणि त्या पात्राचं नाव तिचंच जुनं स्टेजचं नाव ठेवलंय. पण आधी इन द मूड फॉर लव्ह बघून घे, नाहीतर दोन्हीतला हीरो टोनी लिऊंग असा का वागतो ते कळणार नाही.