रानमोडी मोजायची की नाईल पर्च पाठ करायचा?

सत्तरीचा मास्तर (धागा सुरू)

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. बाहेरून आलेली जात एखाद्या परिसंस्थेत माजली की तिथल्या इतर जीवांच्या संख्येचं काय होतं, हा धडा आपण कसा शिकवतो? आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला, सिक्लिड माशांच्या दोनशेहून जास्त जाती गेल्या. उसावरचे भुंगेरे खाईल म्हणून १९३५ साली ऑस्ट्रेलियात केन टोड हा विषारी बेडूक आणला, त्याला खाणारेच त्याच्या विषानं मेले. मुलं हे लिहितात, गुण घेतात. शाळेच्या कुंपणामागे पुरुषभर उंच रानमोडी, तेही अमेरिकेतून आलेलं झुडूप, माजलेली असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

माझं मत: परदेशी उदाहरणं आधी बाजूला ठेवा. चार काठ्या बांधून मीटरभराची चौकट करा. एक रानमोडीखाली, एक शेजारच्या उघड्या जागेत. आत किती प्रकारची रोपं आहेत, वहीत लिहा. डिसेंबर-जानेवारीत ती फुलली की वर बसणारी फुलपाखरंही मोजा. आणि ही वनस्पती वाईट आहे, हे आधी सांगू नका. आकडे काय म्हणतात ते मुलांनी सांगावं.

विरोध होणार हे माहीत आहे. होऊ दे.

पणजीची बाई

मास्तर, विरोध आहेच. बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणजे तुमची मुलं दोन वर्षांनी माझ्याकडे येतात.

तुमच्या प्रयोगात मोठं भोक आहे. रानमोडी दाट जंगलात सहसा घुसत नाही. जंगल तुटलं, रस्ता झाला, डोंगर जळला, तिथे ती येते. मग तिच्याखाली रोपं कमी दिसली तर ती तिच्यामुळे, की ती यायच्या आधीच जागा उजाड झाली होती म्हणून? चौकट हे सांगत नाही. मुलगा मात्र छातीठोकपणे 'रानमोडीमुळे' असं लिहिणार.

फुलपाखरांचं तर विचारूच नका. निळे टायगर, कॉमन क्रो रानमोडीच्या फुलांवर झुंडीनं येतात, कारण त्यांच्या नरांना त्यातली अल्कलॉइड नावाची रसायनं हवी असतात. तुमची मुलं मोजतील आणि रानमोडी फुलपाखरांना उपकारक म्हणून मोकळी होतील.

ग्वाम बेटाचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या मालातून तपकिरी वृक्षसर्प तिथे पोचला. पुढच्या काही दशकांत रानातल्या जवळजवळ सगळ्या पक्ष्यांचा फडशा पडला. पक्षी गेले तसे कोळी बेसुमार वाढले, आणि बिया पसरवायला कुणी नसल्यामुळे झाडांची नवी रोपं दूरवर रुजेनाशी झाली. ही साखळी कडीन् कडी नोंदलेली आहे. रानमोडीची अशी साखळी तुम्ही दोन तासांत कुठून दाखवणार?

सत्तरीचा मास्तर

बाई, फुलपाखरांचीच गोष्ट मला हवी आहे. मुलगी म्हणेल 'सर, इथे जास्त आहेत'. मी विचारणार, अळ्या कुठे आहेत? मोठं फुलपाखरू कुठल्याही फुलावर बसेल, अळीला तिचं ठरलेलंच झाड लागतं. प्लेन टायगरला रुई, ब्लू मॉर्मनला लिंबाच्या जातीची झाडं. मग एकाच जागी मधाची सोय वाढते आणि पिल्लांची घटते, हे तिला स्वतःला दिसतं. ग्वामच्या चित्रात तिला फक्त साप दिसतो, आणि साप वाईट हे तिला आधीच ठाऊक होतं!

जागा आधीच उजाड होती, हा मुद्दा मान्य. म्हणून तुलनेची पद्धत बदलू. एकाच रानमोडीच्या पट्ट्यात अर्धा भाग कापायचा, अर्धा तसाच ठेवायचा, आणि दोन पावसाळे थांबायचं.

पणजीची बाई

दोन पावसाळ्यांत तुमची नववी शाळा सोडून गेलेली असेल.

सत्तरीचा मास्तर

नोंदवही शाळेत राहील की. पुढची नववी मोजेल.

डिचोलीचा काजूवाला

मी शिक्षक नव्हे, बागायतदार. दोघांनाही एकच विचारतो: काजूचं काय? तो ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला आणि आज डोंगरच्या डोंगर त्यानं व्यापलेत. त्याखाली तरी काय उगवतं? पण काजूला कोण वाईट म्हणेल? फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बोंडू (काजूचं फळ), निरो (त्याचा रस), हुर्राक (त्याची पहिल्या धारेची दारू), सगळं आपलं. मिरची, पपई, अननससुद्धा बाहेरचेच.

आणि रानमोडी अगदीच निरुपयोगी नाही. कोयता लागला की आम्ही तिचाच पाला चोळून लावतो, रक्त थांबतं.

परकं ते वाईट हे एकदा पोरांच्या डोक्यात बसलं की ते झाडांवर थांबत नाही. गोव्यात 'भायल्यां'बद्दल, म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांबद्दल, घराघरात काय बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. शिकवताना जरा जपून.

पणजीची बाई

काजूवाले, बाहेरून येणं हा गुन्हा नाहीच. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता अहवालात जगभर माणसानं नव्या जागी नेऊन रुजवलेल्या ३७ हजारांहून अधिक जाती मोजल्या आहेत. त्यांतल्या सुमारे साडेतीन हजार घातक ठरल्या. म्हणजे बहुतेक निरुपद्रवी. स्वतःहून पसरते का आणि स्थानिक जीवांना धक्का देते का, हे दोन प्रश्न विचारायचे. माणसांच्या बाबतीत हे प्रश्न गैरलागू आहेत, कारण माणूस सगळीकडे एकच जात आहे. हे मी वर्गात स्पष्ट बोलते, आडून नाही.

करमळीकाठी

इथे सगळे रानमोडीवरच अडकलेत. ओल्ड गोव्याजवळच्या करमळीच्या तळ्यावर मुलांना एकदा न्या. साल्व्हिनिया ही बाहेरून आलेली तरंगती वनस्पती पाण्यावर सतरंजीसारखी पसरते. तिचे बीजाणू वांझ, तरी नुसत्या तुकड्यांतून वाढते. खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे तडफडतात. बदकांना उघडं पाणी लागतं, त्यांची जागा जाते. तरंगत्या पाल्यावर चालणाऱ्या कमळपक्ष्याला ती तितकी नडत नाही. एका काठावर उभं राहून दोन्ही दिसतं, चौकटीची गरज नाही. आणि काढून काठावर टाकलेला ढीग पावसात परत पाण्यात जातो, तेही मुलांना दाखवा. स्वच्छता मोहिमांचे फोटो काढणाऱ्यांनाही.

सत्तरीचा मास्तर

हे उत्तम. आणि तिच्यावरचा उपाय दहावीला फार चांगला शिकवता येईल. दक्षिण अमेरिकेतला एक बारीक सोंडकिडा फक्त साल्व्हिनियावर जगतो. ऑस्ट्रेलियात १९८० च्या सुमारास तो सोडला, तळी मोकळी झाली. १९८३ मध्ये केरळातही आणला.

पणजीची बाई

बघा, म्हणजे आता तुम्हाला केन टोड लागणारच! तुमच्याच उदाहरणांत बाहेरचा जीव आणून उपाय करायचा प्रयत्न दोनदा झाला. एकदा सत्यानाश, एकदा यश. बेडूक समोर येईल ते गिळतो, सोंडकिडा एकाच वनस्पतीला बांधलेला आहे आणि सोडण्याआधी तो पारखलेला होता. हा फरक परदेशी उदाहरणाशिवाय शिकवून दाखवा.

सत्तरीचा मास्तर

परदेशी उदाहरणं नकोत असं मी म्हटलंच नाही. आधी नकोत, एवढंच.

एक आई, फोंडा

माझा मुलगा दहावीत आहे. दोन पावसाळे, करमळीची सहल, चौकटी... वर्षाअखेरीस परीक्षा आहे हो! शिवाय रानमोडीच्या जाळीत फुरसं असतं. जबाबदारी कोण घेणार? दरवर्षी पाच जूनला, पर्यावरण दिनाला, शाळा मुलांकडून रानमोडी उपटून घेते, तेवढं पुरे नाही का?

करमळीकाठी

ताई, परीक्षेचं बरोबर आहे. पण पाच जूनचं उपटणं हा नुसता देखावा. बी उन्हाळ्यातच वाऱ्यावर उडून गेलेलं असतं. वरून तोडली तर बुडख्यातून पुन्हा फुटते. आणि फुरसं पाच जूनलाही असतं.

डिचोलीचा काजूवाला

बी धरायच्या आधी, ऑक्टोबरात मुळासकट काढायची. हे आमच्या बागेतल्या कामकरी बायांना विचारा, पुस्तक लागत नाही. राहिली तर मार्चमध्ये सुकते, आग लागली की भडकते, आणि त्या राखेत पहिली तीच उगवते. हल्ली गवे बागेत उतरतात तेही हिच्यामुळेच. रानातलं गवत हिनं मारलं, गवा खाणार काय?

पणजीची बाई

गव्यांचं मात्र इतक्या ठामपणे म्हणू नका. गवत कमी हे एक कारण असेल. पाणी, खाणी, रस्ते, पिकलेले बोंडू हीही असतील. मुलांना हाच प्रश्न द्यायला हवा: यांतलं कोणतं खरं हे कसं तपासाल? इथे मास्तरांच्या चौकटीला मी अर्धं मत देते. पण नुसते आकडे मांडून सोडू नयेत. आधी ग्वामची साखळी फळ्यावर काढा, मग रानमोडीची काढायला सांगा आणि ज्या कडीला पुरावा नाही तिथे तुटक रेघ. मुलांना तुटक रेघ काढायची लाज वाटते, ती घालवणं हे आमचं काम.

सत्तरीचा मास्तर

तुटक रेघ घेतली. क्रम माझाच राहील, आधी चौकट. आता प्रश्न जागेचा. कुंपणामागची जमीन वनखात्याची, कापायला परवानगी लागेल. कुणी पट्टा देतं का?

डिचोलीचा काजूवाला

माझ्या बागेच्या वरच्या अंगाला दहा-बारा मीटर आहे, रानमोडीनं गच्च. घ्या. गमबूट घालून या, आणि कापायचं काम माझा माणूस करेल, मुलं नव्हे. अट एकच: चौकट माझ्या काजूखाली लावून त्याला गुन्हेगार ठरवायचं नाही.

पणजीची बाई

मास्तर, तिसरी चौकट तिथेच लावा.