जुन्या नाशिकच्या बोळांसाठी गल्लीचं स्वतःचं अग्निशमन पथक हवं का?

तिवंधेकर (धागाकर्ता):
गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वाड्यात मीटरपाशी शॉर्टसर्किट झालं. बंब लगेच निघाला, पण बोळाच्या तोंडाशी लावलेल्या दुचाक्यांपुढे अडला. पाईप जोडत आत आणेपर्यंत माडीच्या सागवानी तुळया पेटल्या होत्या. आम्ही पंधरा-वीस जण बादल्या भरून उभे, आणि आधी मेनस्विच पाडायचा हे एकालाही सुचलं नाही. ती लाज अजून गेलेली नाही.

तेव्हापासून स्वयंसेवी दलांचा इतिहास वाचतोय. ७ डिसेंबर १७३६ ला फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि शेजाऱ्यांनी युनियन फायर कंपनी काढली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान बाहेर काढायच्या पिशव्या स्वखर्चाने घरात तयार ठेवायच्या, असा करारच होता. चिलीत १८५१ साली वालपाराइसोला पहिलं दल उभं राहिलं; तिथले अग्निशामक आजही बिनपगारी आहेत. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्राहून आमची भद्रकाली लांब नाही. गाडी अडते ती शेवटच्या शंभर पावलांत. ती शंभर पावलं गल्लीनेच सांभाळायला नकोत का?

सिडकोवासी:
पूर्ण विरोध. फिलाडेल्फियाची पुढची गोष्टही सांगा. तिथल्या स्वयंसेवी कंपन्या आगीच्या जागी पोचून आपसात मारामाऱ्या करायच्या. सिनसिनाटीने १८५३ मध्ये वाफेचा पंप आणि पगारी माणसं आणली, फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये. आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत आहे. आपण घरपट्टी भरतो. उद्या गल्लीत पथक उभं राहिलं की नव्या केंद्राची, अरुंद रस्त्यात शिरणाऱ्या छोट्या गाडीची मागणी मागे पडेल. फुकट काम करणारा मिळाला की पगारी भरती कोण करतो?

निवृत्त फायरमन:
दोघांनाही सांगतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जण गेले. ती शिकलेली, सराव असलेली माणसं होती. वाड्यात ज्वाळेआधी धूर मारतो. जिना लाकडी, खिडक्या लहान. दोन-चार श्वासांत माणूस दिशा विसरतो. ओला रुमाल तोंडाला बांधून आत शिरणारी पोरं मी बाहेर काढली आहेत, सगळी जिवंत नव्हती. त्यामुळे ‘आग विझवणारं पथक’ हा शब्द मला मान्य नाही.

पण मेनस्विच पाडणं, शक्य असेल तर गॅसचा रेग्युलेटर बंद करणं, म्हाताऱ्यांना खाली आणणं, दुचाक्या हटवणं, आत किती माणसं आहेत हे आम्हाला नेमकं सांगणं, हे गल्लीच करू शकते. सहा किलोचं पावडरचं सिलिंडर अर्धा मिनिटही चालत नाही. ते नेमकं ज्वाळेच्या बुडाशी मारायला सराव लागतो.

पंचवटीकर:
गोदाघाटावर बुडणाऱ्याला काढायला पट्टीचे पोहणारे पाण्यात उडी घालतात, त्यांना कुणी पगार विचारत नाही. १९६९ च्या पुरात गल्ल्यांनीच गल्ल्या सावरल्या, असं वडील सांगायचे. मग आगीच्या वेळीच ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणत का थांबायचं?

सिडकोवासी:
पंचवटीकर, त्या पोहणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना काय मिळतं? अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने कर्तव्यावर मेलेल्या स्वयंसेवकाच्या कुटुंबालाही केंद्र सरकार भरपाई देतं. आधी तसा विमा आणा, मग पोरांना पुढे करा. फायरमन साहेबांच्या यादीला मात्र माझी हरकत नाही.

तिवंधेकर:
विम्याचा मुद्दा मला सुचला नव्हता, आणि तो खरा आहे. ‘विझवणारं’ हा शब्दही मागे घेतो. पण महापालिकेची छोटी गाडी येईपर्यंत थांबा, हे मात्र पटत नाही. मागणी आणि सराव दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात. तुमची मागणी लिहून काढा, पहिली सही माझी.

आमच्या बोळात अठरा घरं आहेत. येत्या रविवारी प्रत्येक घराचा मेनस्विच कुठे आहे आणि कोणत्या घरात आधाराशिवाय जिना न उतरणारं माणूस आहे, एवढंच लिहून घेणार आहे. फायरमन साहेब, सकाळी तासभर याल का? सिलिंडर मी आणतो.