मदत हवी आहे : ओएसपीएफमध्ये पॅसिव्ह केलं आणि शेजारीच गेला

नमस्कार मंडळी,
सोलापुरातल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं नेटवर्क बघतो. ऑफिस नवी पेठेत, कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. दोन्हीकडे सिस्कोचे राउटर, मधे ओएसपीएफ (राउटर एकमेकांना 'शेजारी' करून कुठल्या नेटवर्ककडे कसं जायचं ते रूट सांगतात, ती पद्धत).

परवा ऑफिसातल्या पीसीवर सहज वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं, तर राउटरकडून दर १० सेकंदांनी २२४.०.०.५ या ओएसपीएफच्या सामायिक पत्त्यावर हॅलो पॅकेट (शेजारी शोधायची हाक). लॅनवर दुसरा राउटर नाही, मग हे ऐकतंय कोण? आणि उद्या कुणी लॅपटॉपवरून खोटे रूट घुसवले तर? म्हणून लॅन पॅसिव्ह करायचं, म्हणजे तिथले हॅलो बंद करायचं ठरवलं. नवी पेठेत नीट झालं. कारखान्यात सहा व्हीलॅन (एकाच लॅनचे वेगळे केलेले भाग), एकेक नाव कोण टाइप करत बसणार, म्हणून ऑफिसातूनच एसएसएच (दुरून लॉगिन) करून 'पॅसिव्ह-इंटरफेस डीफॉल्ट' (सगळे इंटरफेस एकदम पॅसिव्ह) मारलं. एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठली. वॅन, म्हणजे दोन राउटरमधली लिंकही पॅसिव्ह!

भर उन्हात कन्सोल केबल (राउटरला थेट जोडायची) घेऊन गाडीवर एमआयडीसी गाठली. 'नो पॅसिव्ह-इंटरफेस गिगाबिट ०/०' दिलं, तरी शेजारी काही येईना. पिंग मात्र लागतो. सध्या स्टॅटिक (हाताने लिहिलेल्या) रूटवर ढकलतोय. वॅन गिगाबिट ०/०.२० वर आहे. काय चुकतंय? आणि लॅन पॅसिव्ह ठेवली तर तिचं सबनेट पलीकडे कळेल ना?

उत्तर १ :
दादा, उत्तर तुम्हीच लिहिलंय. आयपी ०/०.२० वर आहे आणि पॅसिव्ह काढलंय ०/० वरचं. सबइंटरफेस (एका पोर्टचा ०/०.२० सारखा उपभाग) हा वेगळा इंटरफेस, त्याचंच नाव द्या. 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस' बघा, त्यात ०/०.२० खाली 'नो हॅलोज' असं दिसेल. सबनेटची काळजी नको. ओएसपीएफ कॉन्फिगच्या 'नेटवर्क' ओळीत ते येत असेल तर पॅसिव्ह असूनही जाहीर होतं, फक्त हॅलो थांबतात.

उत्तर २ :
उन्हात जायची गरजच नव्हती. तुमच्या पीसीकडे परतीचा रूट गेला होता, पण दोन राउटरमधली लिंक शाबूत होती. नवी पेठेच्या राउटरवरूनच कारखान्याच्या वॅन आयपीवर एसएसएच केलं असतं तर आत शिरला असता. पुढच्या वेळी आधी 'रीलोड इन १०' लावा. अडकलात तर राउटर जुन्या सेव्ह कॉन्फिगवर परत येतो. जमलं तर 'रीलोड कॅन्सल' विसरू नका, नाहीतर दहा मिनिटांनी माग बंद आणि शेठ दारात.

धागाकर्ता :
०/०.२० दिलं, शेजारी लगेच 'फुल' (पूर्ण जोडलेला) झाला. पण रूट टेबलमध्ये ओएसपीएफचा रूट नाही?

उत्तर १ :
स्टॅटिक काढलात का? त्याचं अंतर (राउटर कमी अंतराचा रूट निवडतो) १, ओएसपीएफचं ११०.

धागाकर्ता :
काढला. आला!